प्रतिकार, परिहार आणि काळीज

टॅक्रोलिमस हे नाव कानाला लॅटिन वाटतं, पण त्यात जपानमधला एक डोंगर लपला आहे. यकृत प्रत्यारोपण झालेला माणूस ज्या घरात असतो तिथं हे नाव रोज दोनदा उच्चारलं जातं. बारा-बारा तासांच्या अंतरानं कॅप्सूल घ्यायची, वेळ चुकवायची नाही. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी मात्र आधी रक्त द्यायचं आणि मगच कॅप्सूल घ्यायची. घरातल्या लहान मुलांनाही हा क्रम पाठ असतो. नाव फोडलं की सुरुवातीचा ‘ट’ निघतो तो टोकियोच्या ईशान्येला असलेल्या त्सुकुबा डोंगराचा. मधला ‘अक्रोल’ हा मॅक्रोलाइड या रसायनगटाच्या नावातला तुकडा. शेवटचा ‘इमस’ हा इम्युनिटीला आवर घालणाऱ्या औषधांचा शिक्का. १९८४ मध्ये फुजिसावा या जपानी कंपनीच्या संशोधकांना त्या डोंगराच्या परिसरातल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला आणि त्याच्यापासून हे औषध निघालं.

या औषधांच्या नावांतून अशी माती बरीच निघते. सायक्लोस्पोरिन देणारी बुरशी नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरून आली. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचा एक कर्मचारी १९६९ मध्ये तिकडे सुट्टीवर गेला होता, त्यानं मातीचा नमुना पिशवीत भरून आणला. या रेणूत ११ अमिनो आम्लांचं कडं असतं, म्हणून नावात ग्रीक ‘किक्लोस’ आला. किक्लोस आणि आपलं ‘चक्र’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. रॅपामायसिनची माती पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची. तिथले लोक आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात, तेच औषधाच्या नावात उतरलं. १९६४ मध्ये एका कॅनडियन मोहिमेनं ती माती आणली आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञानं तिच्यातून हे औषध वेगळं केलं. पुढं कंपनीला त्यात रस उरला नाही, प्रयोगशाळाही बंद झाली, तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. सिरोलिमस या नावानं हे औषध आज जगभर वापरलं जातं ते त्या जपणुकीमुळं. पेशीतल्या ज्या प्रथिनावर ते काम करतं त्याचं नाव ‘टॉर’. ही इंग्रजी आद्याक्षरं खरी, पण ज्या बासल शहरात हे संशोधन झालं तिथं स्पालेनटोर ही जुनी वेस उभी आहे. जर्मनमध्ये टोर म्हणजे वेशीचा दरवाजा, आणि तो शब्द संस्कृत ‘द्वार’चा, म्हणजे आपल्या ‘दारा’चा भाऊबंद.

अशा नात्यांची मला ओढ आहे हे खरं. पण हा लेख लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. या औषधांना मराठीत आपण ‘इम्युनिटी दाबायची औषधं’ म्हणतो. मूळ इंग्रजी शब्दातही ‘खाली दाबणं’च आहे. दाबणं म्हटलं की मनात एक चित्र उभं राहतं: शरीरात शक्ती नावाची एक चांगली वस्तू आहे आणि डॉक्टर ती कमी करताहेत. मग घरातलं कुणीतरी प्रेमापोटी पेशंटला काढा करून देतं, गुळवेलीचं सत्त्व आणतं, ‘तेवढीच इम्युनिटी वाढेल’ म्हणतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. त्या धोक्याच्या मुळाशी औषधाबद्दलचं अज्ञान जितकं आहे, तितकाच ‘शक्ती’ हा शब्दही आहे.

इम्युनिटी शब्दाचा जन्म दवाखान्यात झालेला नाही, तो रोमच्या कायद्यात झाला. ‘मूनुस’ म्हणजे नागरिकानं गावासाठी करायचं काम, भरायचा कर, उचलायचं ओझं. ज्याला त्यातून सूट तो ‘इम्मूनिस’. हीच मूनुसची कर्तव्यं अंगावर घेणारं गाव म्हणजे ‘मूनिकिपियुम’. म्हणजे आपली म्युनिसिपालिटी आणि आपली इम्युनिटी एकाच घरातल्या: एक कर घेणारी, दुसरी करातून सुटलेली. भाषाशास्त्रज्ञ या मूनुसचं मूळ अदलाबदल या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात, आणि त्याच धातूतून संस्कृतात ‘विनिमय’ आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लस आणि जंतू यांची चर्चा रंगली, तेव्हा वैद्यकानं हा कायद्यातला शब्द उचलला. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवीपासून सूट, असा त्याचा साधा अर्थ होता. त्यात लढाई नव्हती, शक्तीही नव्हती.

या सुटीसाठी आपल्याकडेही फार जुना शब्द आहे आणि तो नाशिकला दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राजवटीच्या १८ व्या वर्षाचा लेख आहे. गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, राजा आज्ञा देतो की अपरकखडी गावातलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. पुढं त्या शेताला कोणकोणत्या सुटी आहेत ते एकेका शब्दात येतं. ‘अपावेस’ म्हणजे राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. ‘अलोणखादक’ म्हणजे मिठासाठी खणायचं नाही. ‘अरठसविनयिक’ म्हणजे जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. या सगळ्यांना मिळून असलेला शब्द आहे ‘परिहार’. नाशिकच्या प्राकृतातला परिहार आणि रोमच्या लॅटिनमधली इम्मूनितास यांत अर्थाचं अंतर जवळजवळ नाही. दोन्हींत सत्ता हात आखडता घेते.

परिहार पुढं वैद्यकात गेला नाही, तिथं ‘प्रतिकार’ आला. हा शब्दही मुळात इतका आक्रमक नव्हता. संस्कृत वैद्यकात प्रतीकार म्हणजे उपाय, रोगावरचा इलाज. विसाव्या शतकात निःशस्त्र प्रतिकाराच्या चळवळीनं त्याला झुंजीचा रंग चढवला, आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणताना आपल्याला सैन्य दिसू लागलं. शाळेच्या पुस्तकातही पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, हेच शिकवलं गेलं. त्यापेक्षा ‘रोगप्रतिकारक्षमता’ हा शब्द मला खूप मोलाचा वाटतो, कारण त्यात ‘क्षम्’ धातू आहे. क्षम् म्हणजे सहन करणं. सहन करता येणं म्हणजेच समर्थ असणं, असा तो अर्थ सरकत गेला. क्षमता आणि क्षमा या सख्ख्या बहिणी आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २८ व्या अध्यायात ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द येतो. अपथ्य खाणारे सगळेच ताबडतोब आजारी का पडत नाहीत, असा प्रश्न तिथं चर्चेला आहे, आणि उत्तराचा एक भाग असा की सगळी शरीरं रोग सोसायला सारखी समर्थ नसतात. सोसणं आणि रोखणं हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात राहिले. आजच्या प्रतिकारशास्त्राला नेमकी याच जोडशब्दाची गरज आहे, आणि यकृताकडे पाहिलं की ती का आहे ते समजतं.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं. ते पोर्टल व्हेनमधून येतं. या नावातला ‘पोर्टा’ म्हणजे पुन्हा दरवाजाच. जेवणातले परके रेणू, आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचे तुकडे, त्यांची विषं, सगळं या वाटेनं आधी यकृतात उतरतं. त्यातल्या प्रत्येकाशी यकृत भांडायला लागलं तर दर जेवणानंतर माणूस आजारी पडेल. म्हणून यकृतातल्या प्रतिकार पेशींचा मूळ स्वभाव सोसण्याचा आहे. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉय कॅल्न यांच्या गटानं डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. परक्या डुकराचं यकृत बसवलं तर अनेक डुकरांनी ते औषधाशिवाय स्वीकारलं, आणि मग त्याच दात्याचा दुसरा अवयवही त्यांच्यात टिकू लागला. माणसाचं शरीर इतकं उदार नाही, त्याला औषधं लागतात. तरी यकृतासाठी लागणारा औषधांचा मारा हृदय किंवा फुप्फुसाच्या मानानं कमीच असतो. सहनशीलता हा यकृताचा गुण आहे, आणि ‘टॉलरन्स’ या तांत्रिक शब्दाला क्षमा म्हणायला मला संकोच वाटत नाही.

या अवयवाच्या नावांवर थोडं रेंगाळायला हवं. संस्कृत यकृत्, लॅटिन येकुर, ग्रीक हेपार, अवेस्तातला याकर आणि फारसी जिगर हा एकच शब्द आहे, हजारो वर्षं वेगवेगळ्या तोंडांत फिरून झिजलेला. हिपॅटायटिस हा आजार, जिगरी दोस्त आणि यकृताचा रिपोर्ट यांत एकाच शब्दाची तीन रूपं आहेत. मराठीनं मात्र रोजच्या वापरासाठी दुसरंच मूळ उचललं. यकृताचा रंग गडद, म्हणून संस्कृतात त्याला ‘कालेय’ असंही नाव पडलं. त्यातून आपलं काळीज आलं आणि मटणाच्या दुकानातली कलेजीही. अमरकोशात यकृताचा पर्याय म्हणून आणखी एक नाव दिलं आहे: ‘कालखंड’. काळा तुकडा एवढाच त्याचा अर्थ. आज इतिहासाच्या पुस्तकात ‘यादवांचा कालखंड’ वाचताना तो कुणाला आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही, कारण तिथला काळ वेगळा. काळीज मात्र मराठीत सरकत सरकत छातीत गेलं. आपण काळजाचा ठोका चुकला म्हणतो, पण ठोका हृदयाचा असतो. शब्द यकृताचा आणि काम हृदयाचं. काळजी हाही याच काळजातून आलेला शब्द.

रंगावरून नाव ठेवण्याची ही रीत पश्चिमेतही आहे. १८१९ मध्ये फ्रान्सच्या लॅनेकनं, ज्यानं स्टेथोस्कोप शोधला त्यानंच, कडक झालेल्या यकृताचा पिवळट तपकिरी रंग पाहून ग्रीक ‘किर्रोस’वरून सिरोसिस हे नाव दिलं. आपली कावीळ हीसुद्धा रंगाची खूण. संस्कृत कामला, त्यातला ‘म’ प्राकृतात ‘व’ झाला, जसा ग्रामचा गाव झाला, कोमलचं कोवळं झालं.

यकृताच्या आतली माणसं, म्हणजे तिथल्या पेशी, यांच्या नावांत तर एक मोठा घोळ होऊन गेला आहे. १८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर या शरीररचनाशास्त्रज्ञानं सोन्याचा क्षार वापरून यकृताचे काप रंगवले. त्याला चांदणीसारखे फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या, म्हणून त्यानं त्यांना जर्मनमध्ये ‘श्टेर्नत्सेलन’ म्हटलं. ‘श्टेर्न’ आणि आपला तारा हे पुन्हा एकाच मुळाचे. वीसेक वर्षांनी त्याच कुप्फरनं यकृतातल्या कचरा गिळणाऱ्या पेशी पाहिल्या आणि त्या पूर्वीच्याच चांदण्या आहेत असं मानलं. क्राकूवच्या ब्रोविच यानं त्या गिळणाऱ्या पेशींना बरोबर ओळखलं होतं, पण नाव कुप्फरचंच चिकटलं. १९७१ मध्ये केंजिरो वाके या जपानी संशोधकानं तीच सोन्याची पद्धत पुन्हा वापरून दाखवलं की कुप्फरच्या मूळ चांदण्या म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या, वेगळ्याच पेशी. आज गिळणाऱ्यांना कुप्फर पेशी म्हणतात आणि साठवणाऱ्यांना तारकापेशी. म्हणजे कुप्फरनं जे आधी पाहिलं त्याला त्याचं नाव नाही. इजा झाली की या तारकापेशी आपला साठा टाकून देतात आणि तंतू विणायला लागतात. यकृतावरचा व्रण त्यांच्या हातचा असतो आणि पुढं सिरोसिसही. त्यांना असं कामाला लावणारे निरोप बऱ्याच अंशी शेजारच्या कुप्फर पेशींकडून आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशींकडून येतात. नावांत ज्यांची गल्लत झाली त्या दोघी प्रत्यक्षातही एकमेकींशी बोलत असतात.

शरीरातल्या अवयवांत ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशींपैकी सुमारे ८० टक्के एकट्या यकृतात असतात. त्यांचं जगभरचं नाव मॅक्रोफेज. मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटा खुपसला आणि फिरत्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या. त्या गिळणाऱ्या पेशींना ‘फॅगोसाइट’ हे नाव त्याला व्हिएन्नाच्या कार्ल क्लाऊसनं सुचवलं. ग्रीक ‘फागेन’ म्हणजे खाणं, पण त्याच्या तळाशी ‘वाट्याला येणं’ हा अर्थ आहे. संस्कृतात त्याच मुळाचा ‘भज्’, वाटणं. त्यातून भाग, भक्ष आणि भक्त. भक्त म्हणजे आधी ‘वाटून दिलेलं’, मग ‘वाटून दिलेलं अन्न’, मग शिजवलेला तांदूळ. प्राकृतात भक्तचं भत्त झालं आणि मराठीत भात. नोकरीतला भत्ताही तोच. यकृतातली मॅक्रोफेज आणि ताटातला भात यांचं हे नातं मला फार आवडतं, कारण कुप्फर पेशीला तिचं अन्न खरोखर वाट्यालाच येतं. ती शिकारीला कुठं जात नाही, रक्त तिच्या दारात आणून देतं ते ती गिळते.

आता दोन वेलींकडे वळतो. यकृताला प्रतिकार पेशी इजा कशी करतात, आणि औषधं ती कशी थांबवतात, हे समजायला त्या दोघींनी मदत केली आहे.

पहिली वेल अबईच्या गोतातली. अबईच्या चपट्या, लांब शेंगा कोवळ्या असताना आपण भाजीला आणतो. तिच्या वंशाचं शास्त्रीय नाव ‘कॅनव्हालिया’, आणि ते मलबारच्या बोलीतून उचललेलं आहे. त्यातला ‘वळ्ळी’ म्हणजे वेल, संस्कृत वल्लीच. या वंशातल्या जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांमधून अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी १९१९ मध्ये एक प्रथिन वेगळं केलं, त्याचं नाव कॉनकॅनव्हालिन. १९९२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की हे प्रथिन उंदराच्या शिरेत टोचलं तर अवघ्या ८ तासांत त्याचं यकृत जबर दुखावतं. प्रथिन स्वतः यकृत जाळत नाही. ते टी पेशी या प्रतिकार पेशींना चेतवतं, टी पेशी कुप्फर पेशींना चेतवतात, दोघी मिळून दाहाचे रेणू ओततात आणि यकृताच्या पेशी मरतात. टी पेशी नसलेल्या उंदरांना काही होत नाही. आणि आधी सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड दिलं असेल, तर टी पेशी असूनही यकृत वाचतं. अपराधी कोण हे इतकं उघड दाखवणारे प्रयोग फार नसतात.

‘इंजुरी’ हा शब्दही, योगायोगानं, रोमच्याच कायद्यातला. ‘इन’ म्हणजे नकार आणि ‘यूस’ म्हणजे न्याय; इंजुरी म्हणजे अन्याय. आपली ‘इजा’ अरबीतून आली, त्रास देणं एवढाच तिचा अर्थ, तिचा इंजुरीशी संबंध नाही. पण स्वतःच्या टी पेशींनी स्वतःचं यकृत फोडलं तर तिथं जुना लॅटिन अर्थ पुरेपूर लागू पडतो.

दुसरी वेल आपली गुळवेल. संस्कृतात गुडूची, अमृता, आणि ‘छिन्नरुहा’ म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. कापलेलं यकृतही पुन्हा वाढतं, म्हणून हे नाव वाचताना मी थबकलो होतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले, ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये यकृताला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले, ते सगळे गुळवेल घेत होते. त्यांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्र बरंचसं स्वप्रतिकारी हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकार पेशींनी यकृतावर चाल केल्यासारखं. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही असं म्हटलं. त्यानंतर देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद पुढं आली. गुळवेल घेणाऱ्या असंख्य लोकांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. ज्यांच्या यकृतात स्वप्रतिकाराचा विकार आधीपासून झोपलेला असतो त्यांना ‘वाढवण्या’चा धोका जास्त. त्यांच्यासाठी वाढ ही चांगली गोष्ट नव्हतीच.

मग या पेशींना आवरणारी औषधं नेमकं काय करतात? इथं ‘दाबणं’ या एका क्रियापदाखाली आपण अगदी वेगवेगळ्या क्रिया कोंबल्या आहेत. टॅक्रोलिमस टी पेशीला मारत नाही. पेशीला परकं काही दिसलं की कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन तो निरोप केंद्रकापर्यंत न्यायला मदत करतं. टॅक्रोलिमस ती मदत अडवतं, म्हणून इंटरल्युकिन-२ हा टी पेशींना वाढवणारा रेणू तयार होत नाही आणि टी पेशी जागची जागीच राहते. अझाथायोप्रिन वेगळं आहे. त्याच्या नावातला ‘अझा’ फ्रेंच ‘अझोत’मधून येतो, लव्हाझिएच्या काळचं नायट्रोजनचं नाव, ‘ज्यात जीव जगत नाही’ तो वायू. त्यातला ‘झो’ आणि आपला जीव एकाच मुळाचे. हे औषध टी पेशींची पिल्लावळ थांबवतं, कारण नव्या पेशीला डीएनएसाठी लागणारी प्युरिनं त्याच्यामुळं नीट तयार होत नाहीत. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यामागच्या कामात हे औषधही होतं. स्टेरॉइड्सचा हात सर्वांत लांब. ती कुप्फर पेशींच्या दाहक रेणूंचं उत्पादन उतरवतात, रक्तातून नव्या पेशींची आवक कमी करतात आणि काही लिम्फोसाइट्सना मरणाकडेही नेतात. कॉर्टिझोनच्या नावातला ‘कॉर्टेक्स’ म्हणजे झाडाची साल, कापून सोलून काढलेली. त्याच मुळाशी संस्कृत ‘कृत्ति’ म्हणजे कातडं नेलं जातं, आणि कृत्तीतून आपली ‘कात’, साप टाकतो ती.

यातल्या बहुतेक औषधांच्या कामाला दमन म्हणणं मला पटत नाही. आयुर्वेदात ‘शमन’ हा शब्द आहे: दोष बाहेर न काढता जागीच शांत करणं. मराठीत वेदनाशामक रुळला आहे, अग्निशामक रुळला आहे. त्याच धर्तीवर ‘प्रतिकारशामक’ म्हणता येईल. काही औषधं मात्र टी पेशींना ठारच मारतात, प्रत्यारोपणाच्या वेळी सशाच्या शरीरात तयार केलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात तसं. त्यांना खुशाल दमन म्हणावं. रुग्णाला घरी देतात त्या कॅप्सुलांचं काम शामकाचं आहे, आणि ‘तुमच्या शरीराची भडकलेली बाजू शांत करतोय’ हे वाक्य ऐकून गेलेला पेशंट ती नियमित घेईल, असा माझा विश्वास आहे. त्याच वेळी पपनस टाळायलाही त्याला सांगावं लागतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या भावंडांमुळं टॅक्रोलिमस रक्तात वाढतं. डच ‘पोम्पेलमूस’, तमिळ पंबळिमासु आणि आपलं पपनस ही किनाऱ्यानं फिरलेल्या एकाच शब्दाची रूपं; कोकणात परसात पपनसाचं झाड असतं, म्हणून ही सूचना मराठीतच द्यायला हवी.

शमन कुठं करावं हाही प्रश्न आहेच. पॅरासिटामॉल भरमसाट घेतल्यानं यकृत मरतं तेव्हा मूळ घाव औषधाचा असतो. तिथं भक्षक पेशी मेलेला कचरा उचलतात, डागडुजीला हातभार लावतात. स्टेरॉइडनं तिथं भलं होत नाही, एन-ॲसिटिलसिस्टीन द्यावं लागतं आणि तेही लवकर. हिपॅटायटिस बी मध्ये तर गोष्ट फार गुंतागुंतीची होते. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. बाधित पेशी ओळखून टी पेशीच त्यांना मारतात, कावीळ होते ती त्या धुमश्चक्रीतून. अनेकांत पुढं तह होतो, विषाणू यकृताच्या पेशींत गप्प बसतो, टी पेशी पहारा देतात. अशा माणसाला संधिवातासाठी किंवा कॅन्सरसाठी प्रतिकारशामक औषधं सुरू झाली की पहारा ढिला पडतो आणि विषाणू बेसुमार वाढतो. मग औषध थांबवलं की टी पेशी जाग्या होतात आणि यकृतावर तुटून पडतात. त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी च्या दोन रक्तचाचण्या करायच्या असतात, एक आजच्या संसर्गाची आणि एक जुन्या संसर्गाची. गरज असेल तर विषाणूविरोधी गोळी आधीपासून चालू करतात. आपल्याकडे किती तरी लोकांना लहानपणी ‘कावीळ उतरवून’ आणलेलं असतं, कुठली कावीळ ते कुणी पाहिलेलं नसतं. त्यांनी ही चाचणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी.

क्षमेची बाजू सांभाळणाऱ्या पेशीही शरीरात आहेत. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. या पेशींना रेग्युलेटरी टी पेशी, मराठीत नियामक टी पेशी म्हणतात. बाकीच्या टी पेशींना त्या आवरतात. मात्र त्यांना जगायला इंटरल्युकिन-२ लागतं, आणि टॅक्रोलिमस तेच तोडतं. म्हणजे भडकणाऱ्या पेशींबरोबर आवरणाऱ्याही उपाशी राहतात. सिरोलिमस त्यांना बरंच सांभाळून घेतं, पण यकृत बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ते देता येत नाही, कारण यकृताच्या रोहिणीत गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवात टॅक्रोलिमसनं होते, आणि काही रुग्णांमध्ये पुढं हळूहळू डोस उतरवतात किंवा औषध बदलतात. काही निवडक रुग्णांची औषधं काही वर्षांनंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पूर्ण थांबवताही आली आहेत, आणि नवं यकृत त्यांच्यात टिकलं आहे. कोणाची थांबवता येतील हे रक्ताच्या आणि यकृताच्या तुकड्याच्या तपासणीतून आधी कसं ओळखायचं, यावर आज अनेक केंद्रांत काम चालू आहे.